चारातली एक निळी

११ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

निळी गेली. मेली नाही, उडाली. पिंजरा साफ करायला दार उघडलं, तेवढ्यात दूध उतू जातंय असं वाटलं म्हणून आत गेलो. हॉलची खिडकी उघडी होती. परत आलो तर दोघे हिरवे दांडीवर, आणि निळी नाही. दूधही गेलं होतं.

अर्धा तास खिडकीत उभा राहिलो. समोरच्या इमारतीच्या पाइपवर एक कबुतर होतं, बाकी काही नाही. विशेष काही वाटलं नाही. हल्ली वाटत नाही.

गॅस पुसला.

११ फेब्रुवारी, दुपारी

शांत डोक्याने मुद्दे मांडतो.

एक. तिन्ही बजी, म्हणजे ते मुठीएवढे पोपट, हिचे. त्यातली निळी हिची खास लाडकी. ही जाऊन साडेतीन महिने झाले.

दोन. लेक २५ एप्रिलला येणार आहे, निळीला न्यायला. आईचं बाकी काही नको, दागिने तुमच्याकडेच राहू देत, फक्त निळी द्या, असं ती तेव्हाच म्हणाली होती.

तीन. लेकीला सांगायला हवं. सांगणार आहे. योग्य वेळ बघून.

१५ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, झोप लागते का. तिन्हींना हो म्हटलं. मग म्हणाली की निळीचा आवाज ऐकवा. योग्य वेळ नव्हती, ती गाडीत बसत होती. फोन हिरव्यांसमोर धरला. दोघांनी चांगला कलकलाट केला. आवाजाला रंग नसतो.

लेकीने पुन्हा एकदा ऐकवायला सांगितलं, ऐकवलं. मग म्हणाली, बरंय.

यशस्वी.

१६ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

सुचलं! पहाटे दात घासताना सुचलं. एकतीस वर्षं नववी-दहावीला जीवशास्त्र शिकवलं आणि उत्तर समोर पिंजऱ्यात बसलेलं दिसलं नाही, म्हणजे कमाल आहे.

दोघे हिरवे ही निळीचीच पिल्लं. बाप हिरवा होता, दोन वर्षांपूर्वी वारला. आता बघा (हे मी कोणाला सांगतोय?): हिरवा रंग जोरदार, निळा दबणारा. हिरव्याला इंग्रजी मोठा जी, निळ्याला छोटा जी. निळी स्वतः निळी होती, म्हणजे तिच्याकडे दोन्ही छोटे जी. तिने प्रत्येक पिल्लाला एक छोटा जी दिलाच असणार, तिच्याकडे दुसरं देण्यासारखं काही नव्हतंच. तेव्हा हे दोघे दिसायला हिरवे असले तरी आत एकेक निळा दबून बसलेला आहे. दिसत नाही, पण जातही नाही.

पनेट स्क्वेअर काढला. वर एकाचे दोन जी, बाजूला दुसऱ्याचे दोन जी. चार घरं. तीन घरांत हिरवा. चौथ्या घरात छोटा जी, छोटा जी. निळी!

चार अंडी, एक निळी. गणित आहे, लॉटरी नाही. लेकीला एकाच वेळी सांगायचं की निळी गेली आणि ही तिची नात. वजाबाकी आणि बेरीज एकाच दमात. रडायला फटच राहणार नाही.

भावंडांची जोडी लावणं शोभत नाही हे खरं. पण विज्ञानात इलाज नसतो.

संकल्प: १) रोज सकाळी चाळीस मिनिटं चालणं. २) चहा दोनच वेळा. ३) हिचं कपाट आवरणं. ४) निळी.

१७ फेब्रुवारी

चाललो नाही, जोडे सापडले नाहीत. चहा चार वेळा, पण दोन अर्धे, म्हणजे तीन. कपाट उद्या.

दोघांपैकी नर कोण हे ठरवलं. एक सारखा ओरडतो, आरशाला टोचतो, दाणे बाहेर फेकतो. दुसरा कोपऱ्यात गप्प बसून सगळं ऐकून घेतो. गप्प तो नर. घरातल्या बत्तीस वर्षांच्या निरीक्षणावरून.

१८ फेब्रुवारी

पाखरंवाल्याकडे गेलो. बाजारातलं शेवटचं दुकान. हा माझाच विद्यार्थी, शेवटच्या बाकावरचा. पनेट स्क्वेअरच्या प्रश्नाला दहापैकी दोन मिळाले होते, ते दोनही रेषा सरळ काढल्याबद्दल. आता पक्षी विकतो. अजूनही मला पाहिलं की उभा राहतो. ही दाणे त्याच्याकडूनच आणायची.

अंडी घालायला लाकडी पेटी लागते ती घेतली. त्याने विचारलं की सर, जोडी आहे का? म्हटलं, आहे. त्याने विचारलं की चोचीच्या वर नाकपुड्यांभोवती जी गादी असते तिचा रंग काय? म्हटलं, दोघांचीही तपकिरी. तो म्हणाला की सर, नराची निळी असते. म्हटलं, ते बाजारातलं ढोबळ ज्ञान झालं, प्रकाश, आहार, वय यांवर बरंच असतं. त्याने पेटी कागदात बांधली. मग म्हणाला की बरोबर असेल सर, तुम्हीच शिकवलंय.

निघताना विचारलं की बाईंची पक्ष्यांची वही होती ना, त्यात नोंद असेल. म्हटलं, असेल. ती कपाटात आहे. पण हिच्या नोंदी शास्त्रीय नसायच्या. आज निळीने मान वाकडी केली, आज पाऊण तास झोपली, असलं काहीतरी.

पेटी टांगली. दोघांनी आत डोकावून पाहिलं. उत्तम.

२२ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन. सांगणारच होतो, पण आता यशाच्या इतक्या जवळ आल्यावर सांगणं म्हणजे घाई. निळीचा आवाज ऐकवा म्हणाली. हिरव्यांनी ऐकवला. लेकीने विचारलं की निळी हल्ली फार बोलते का हो? म्हटलं, वय झालंय, बोलतात.

दोघांचं भांडण झालं. एकमेकांची पिसं उपटली. संसारात चालायचंच.

१ मार्च, रविवार

अंडं! पांढरं, करंगळीच्या पेराएवढं. वाटाण्यांवर शिकवलं आयुष्यभर, प्रत्यक्ष प्रयोग हा पहिलाच. तारीख, वेळ लिहून तक्ता भिंतीला लावला. हिच्या कॅलेंडरच्या खिळ्यालाच. कॅलेंडर ऑक्टोबरचंच होतं. ते काढून कपाटावर ठेवलं, आत नाही.

आज काहीतरी वाटायला हवं होतं. हात धुतले, पेपर वाचला.

५ मार्च

काल एक, आज दोन! पुस्तकात दिवसाआड एक लिहिलंय. पुस्तकं सर्वसाधारण पक्ष्यांसाठी असतात. आमची जात अव्वल.

१० मार्च

आठ अंडी. आणखी एक विशेष: नरही पेटीत बसतो. तासन् तास. मादी बाहेर आली की हा आत. पुस्तकाप्रमाणे नराने फक्त बाहेरून दाणे भरवायचे असतात. आमचा नर सुधारलेला आहे. अंड्यांवर पंख पसरून बसतो, कोणी हात घातला तर चावतो. चावला.

लेक झाली तेव्हा मी दहावीचे पेपर तपासत होतो. तिला आंघोळ घालताना हाताने पाणी कसं बघायचं हे हिने दाखवलं होतं, पण मी पाहिलं नसावं. नुसतं नोंदवतो.

१३ मार्च

दहा! दहाला चारने भागलं तर अडीच निळ्या. अर्धा पक्षी नसतो, तेव्हा तीन धरू. एक लेकीला, एक मला, एक राखीव.

पाखरंवाल्याला फोन केला. दहा अंडी झाली म्हटलं. मग त्याने विचारलं की सर, खरंच दहा? म्हटलं, मोजता येतं मला. तो म्हणाला की अंड्यामागे टॉर्च धरून बघा, आत लाल शिरांचं जाळं दिसायला हवं.

टॉर्च धरला. शिरा नाहीत, डाग नाही, दहाच्या दहा काचेसारखी स्वच्छ. माल निर्मळ आहे.

१५ मार्च, रविवार

लेकीचा फोन. म्हणाली की बाबा, तुमचा आवाज बरा वाटतोय. म्हटलं, कामात आहे. कसल्या कामात, विचारलं. म्हटलं, प्रयोग. पूर्वी वर्गात प्रयोग फसला की तुम्ही उत्तर आधीच फळ्यावर लिहून ठेवायचात, म्हणून हसली. हे तिला कोणी सांगितलं? हिनेच.

१९ मार्च

आज पहिलं फुटायला हवं. सकाळपासून स्टूल घेऊन पेटीखाली बसलो. फुटलं नाही. पिल्लं घड्याळ बघून येत नाहीत.

चाललो नाही. स्टुलावरून उठल्यावर पाय गेले होते, तो व्यायाम धरला.

२२ मार्च, रविवार

नाही. पंख्याचा वारा लागत असणार. पंखा बंद केला. घामाघूम होऊन लेकीशी बोललो.

२७ मार्च

नाही. हवेत दमटपणा कमी पडतोय. पिंजऱ्याखाली ओला टॉवेल ठेवला. हिचा होता, पण स्वच्छ आहे.

५ एप्रिल, रविवार

नाही. चौकोन पुन्हा काढला. पट्टी घेऊन, पेन्सिलीने, मग शाईने. तेहतीस वेळा तपासला. चौकोनात कुठेही चूक नाही. हा पेपर कोणी माझ्यापुढे आणला असता तर मी दहापैकी दहा दिले असते.

दोघे बसूनच आहेत. खायलाही आलटूनपालटून उठतात. एवढी निष्ठा फुकट जात नसते.

८ एप्रिल, संध्याकाळी

पाखरंवाला दाण्यांची पिशवी घेऊन स्वतः घरी आला. बोलावलं नव्हतं. पिंजऱ्यापाशी गेला, एकदा वाकून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पिंजऱ्याकडे पाहिलं. मी तक्ता समजावून सांगितला. पूर्ण ऐकून घेतला, मध्ये एकदाही बोलला नाही. वर्गातही असाच बसायचा.

चहा घेतला. मग म्हणाला की सर, दुकानात एक निळी आहे, मान अगदी बाईंच्या निळीसारखी वाकडी करते, घेऊन जा, पैसे नकोत. मी चिडलो. म्हटलं, ती हिची नाही. तो म्हणाला की पण सर, छोटा जी छोटा जीच ना? आत अक्षरं तीच असणार.

अक्षरं तीच असणार हे खरं आहे. त्याला आज दहापैकी चार द्यायला हरकत नाही. तरी नको म्हटलं. का ते सांगता आलं नाही. दाण्यांची पिशवी आत नेऊन ठेवली.

दारात चपला घालताना म्हणाला की सर, बाईंची वही एकदा बघाच. मी म्हटलं, तुला काही सांगायचंय का? तो म्हणाला की छे, मी काय सांगणार तुम्हाला. आणि जिना उतरून गेला.

९ एप्रिल

कपाट उघडलं. वरच्या खणात हिचा राखाडी स्वेटर, घडी घातलेला, एक बाही बाहेर. वही त्याच्याखाली आहे, कोपरा दिसतो.

कपाट व्यवस्थित आहे. आवरायची गरज नाही. संकल्प क्रमांक तीन पूर्ण झाला असं समजावं.

१२ एप्रिल, रविवार

लेकीने तिकीट काढलं. पिंजरा घेऊन गाडीत बसू देतात का ते विचारून ठेवलंय म्हणाली. छोटा पिंजराही विकत घेतलाय, वरून कापड घालता येतं असा. म्हणाली की निळीचा आवाज ऐकवा. ऐकवला. या वेळी ती खूप वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली की बाबा, मला काही सांगायचं असेल तर सांगा. म्हटलं, येताना माझ्यासाठी चांगली पट्टी आण, माझी झिजली आहे.

१९ एप्रिल, रविवार

सहा दिवस राहिले. परिस्थितीला शास्त्रीय पद्धतीने भिडायचं ठरवलं. चौकोन काढला. वर: मी सांगतो, मी सांगत नाही. बाजूला: लेक रागावते, लेक रागावत नाही.

सांगतो, रागावते. सांगत नाही, रागावते. सांगत नाही, रागावत नाही (हे शक्य नाही, पिंजरा तिला दिसणारच, पण घर आहे म्हणून भरलं). सांगतो, रागावत नाही.

चारातलं एक. पंचवीस टक्के. निळी होण्याइतकीच शक्यता. आणि निळीचं काय झालं ते समोर आहेच.

फोन आला तेव्हा सांगितलं नाही.

२३ एप्रिल

दुकानापर्यंत गेलो. काचेतून ती निळी पाहिली. मान वाकडी करते. खरंच करते. पाखरंवाल्याने पाहिलं आणि तो उभा राहिला. मी मोजे घ्यायला आलोय म्हटलं. त्याच्याकडे मोजे नसतात. शेजारच्या दुकानातून मोजे घेऊन आलो.

२५ एप्रिल, शनिवार

क्रमाने लिहितो, नाहीतर घोळ होईल.

लेक अकराला आली. बॅग ठेवली, हात धुतले, छोटा पिंजरा काखेत तसाच होता. हॉलमध्ये गेली. पिंजऱ्याकडे पाहिलं. विचारलं, निळी कधी गेली?

मी म्हटलं, बस तरी. ती म्हणाली की मला पहिल्याच रविवारी कळलं होतं. म्हटलं, कसं शक्य आहे? ती म्हणाली की निळी फोनसमोर कधीच बोलायची नाही. फोन धरला की गप्प. आई दर वेळी प्रयत्न करायची आणि दर वेळी आम्ही दोघी हसायचो. शांततेवरूनच ओळखायचो की निळी समोर आहे. तुम्ही मात्र दर रविवारी दणदणीत कलकलाट ऐकवलात.

म्हटलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली की तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.

मग मी सगळं सांगितलं. खिडकी, दूध, मोठा जी, छोटा जी. भिंतीवरचा तक्ता दाखवला. चौकोन दाखवला. पेटी उघडून दहा अंडी दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकलं. ती रागावली नाही. चौकोनातलं हे घर भरलं होतं, पण भरलं तेव्हा असं दिसलं नव्हतं.

मग ती उठली आणि सरळ कपाटाकडे गेली. मी म्हटलं, ते आवरलेलं आहे. तिने स्वेटर बाजूला ठेवला, वही काढली, मधलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. हिचं अक्षर. गोल, उजवीकडे कललेलं. दोन वर्षांपूर्वीची तारीख. इथे उतरवून ठेवतो:

‘निळीची पिल्लं मोठी झाली. थोरली आणि धाकटी. दोन्ही माद्याच निघाल्या. हे म्हणतात जोडी आहे. ह्यांना तीनदा सांगितलं, लक्ष नाही.’

दोन्ही माद्या. म्हणून दोघींची मिळून दहा अंडी. म्हणून काचेसारखी स्वच्छ. नर नव्हताच. सुधारलेलाही नव्हता.

लेकीने विचारलं की एवढ्या दिवसांत ही वही एकदाही का नाही उघडली? मी म्हटलं, स्वेटर वर होता. तिने स्वेटरची बाहेर आलेली बाही आत दुमडली. मग विचारलं की बाबा, आई गेल्यापासून एकदा तरी रडलात का? म्हटलं, वेळ झाला नाही.

ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. किती वेळ ठेवायचा ते कळेना म्हणून ठेवूनच दिला.

२६ एप्रिल, रविवार, दुपारी

लेक दोनच्या गाडीने गेली. निळीऐवजी वही नेली. आईची एक गोष्ट हवी होती, ही मिळाली, म्हणाली. छोटा पिंजरा रिकामाच ठेवून गेली, कापडासकट.

जाण्यापूर्वी म्हटलं, वहीत मला एक ओळ लिहायची आहे. तिने पेन दिलं. हिची शेवटची नोंद ऑक्टोबरची होती, निळीने अर्धं केळं खाल्लं एवढीच. तिच्याखाली लिहिलं: ‘११ फेब्रुवारी. निळी उडून गेली. खिडकी मी उघडी ठेवली होती.’ अक्षर चांगलं आलं नाही. लेकीने वाचलं, वही मिटली, कपड्यांच्या मध्ये ठेवली.

नवी पट्टी टेबलावर आहे. आणली होती तिने.

२६ एप्रिल, संध्याकाळी ५:४०

तीनदा कधी सांगितलं असेल हे आठवून पाहतोय. एकदा चहाच्या वेळी असेल, मी पेपर वाचताना. एकदा गॅलरीत, हिचे हात दाण्यांनी भरलेले असताना. एकदा दिवा मालवताना, मला वाटतं तेव्हा मी हं म्हटलं असेन. हं म्हणायचो मी. पण शब्द आठवत नाहीत. आवाजही नीट आठवत नाही. तीन वेळांपैकी एकही वेळ सापडत नाही.

वाईट वाटलं. बरंच वाटलं. सहा महिन्यांनी पहिल्यांदा, म्हणून वेळ लिहिली आहे.

तक्ता खाली काढला. सवयीने नव्या पट्टीने एक चौकोन आखला. वरच्या बाजूला थोरली लिहिलं. शेजारच्या बाजूला लिहायला काही नव्हतं. तसाच ठेवला.

२७ एप्रिल, सकाळी ७:००

पाखरंवाल्याला फोन करून सांगितलं की तुझं बरोबर होतं. तो म्हणाला की नाही सर, तसं काही नाही. त्याला दहापैकी दहा दिले. फोनवर तो उभा राहिला असावा, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अंड्यांचं काय करू, विचारलं. तो म्हणाला की काढू नका, काढलीत तर पुन्हा घालतील. कंटाळल्या की आपण होऊन उठतील. तोवर राहू द्या.

चाललो नाही. पाणी बदललं, दाणे भरले, खिडकी लावली. दोघी पेटीतच आहेत, पंख पसरून. आत काही नाही म्हणून सांगितलं.

तीनदा सांगितलं. लक्ष नाही.